नवीन एन्ड्युरो बाइक्सचं सस्पेन्शन: स्पेक शीट वाचण्याआधी काय मोजायचं

२०२४ च्या मॉडेलला केटीएमने आपल्या ईएक्ससी या एन्ड्युरो सिरीजचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचं सस्पेन्शन, बदलला आणि तेव्हापासून एन्ड्युरो चालवणाऱ्यांत एकच वाद चालू आहे, आधीचा एक्सप्लोर फोर्क बरा होता की आताचा एक्झॅक्ट. त्यात २०२५ ला ट्रायम्फ टीएफ २५०-ई आणि टीएफ ४५०-ई घेऊन या मैदानात उतरली, बेटा, शेर्को, हुस्कवार्ना, गॅसगॅस आधीपासून आहेतच, आणि प्रत्येकाच्या माहितीपत्रकात क्लोज्ड कार्ट्रिज, ओपन कार्ट्रिज, लिंकेज, पीडीएस, थ्री-वे ॲडजस्टेबल असले शब्द भरलेले असतात. नवीन माणूस वाचतो आणि शेवटी रंग बघून ठरवतो. यात त्याची काही चूक नाही, कारण हे शब्द कोणी धड सांगतच नाही. तर मी जेवढं समजलोय ते सुरुवातीपासून सांगतो, आणि माझं मत आत्ताच सांगून टाकतो: या बाइक्समध्ये फरक आहेत आणि ते खरे आहेत, पण त्यातला जवळपास कुठलाच फरक तुम्हाला नीट कळणार नाही जोपर्यंत बाइक तुमच्या वजनाला बसवलेली नाही.

एन्ड्युरो बाइक म्हणजे नक्की कुठली

नावात एन्ड्युरो असलेल्या रोडवर चालणाऱ्या बाइक्स पण मिळतात, त्या इथे धरल्या नाहीत. इथे विषय आहे तो रेससाठी बनवलेल्या हलक्या बाइक्सचा, पेट्रोल न धरता साधारण १०० ते ११० किलोच्या, टू-स्ट्रोक किंवा फोर-स्ट्रोक, दगड, मुळं, चिखल, ओढे, चढ यातून दिवसभर चालवायच्या. हा खेळ जुना आहे, सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९१३ पासून होते. मोटोक्रॉस बाइक दिसायला अगदी तशीच, पण ती बनवलेल्या ट्रॅकवर अर्धा तास जीव खाऊन पळवायची आणि मोठ्या उड्यांवरून उतरवायची असते म्हणून तिचं सस्पेन्शन कडक. एन्ड्युरोला उलट, हळू वेगात एका मागोमाग एक दगड येतात आणि पाच तासांनंतर पण हातात जीव राहिला पाहिजे, म्हणून सस्पेन्शन मऊ लागतं.

आणि लांब पण लागतं. चाक वर-खाली किती जाऊ शकतं त्याला ट्रॅव्हल म्हणतात, या बाइक्सना पुढे साधारण ३०० मिलीमीटर असतो. शाळेतली फूटपट्टी उभी धरा, तेवढं अंतर पुढचं चाक वर सरकू शकतं. एवढी मोठी हालचाल ताब्यात ठेवायची आहे, सगळी गंमत आणि सगळी भानगड इथेच आहे.

स्प्रिंग आणि तेल, दोघांची कामं वेगळी

सस्पेन्शन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर स्प्रिंग येते. पण स्प्रिंगचं काम एकच, वजन पेलायचं. नुसती स्प्रिंग असती तर एका दगडावरून गेल्यावर बाइक पुढची दहा सेकंद उड्या मारत बसली असती. ती हालचाल किती वेगात होईल हे ठरवतं तेल. ऑफिसच्या दाराला वर तो हायड्रॉलिक क्लोजर असतो बघा, दार उघडून सोडलं की धाडकन न आपटता सावकाश बंद होतं. दार ढकलणारी स्प्रिंग आत आहेच, पण वेग तेल ठरवतं, बारीक भोकातून तेल जायला वेळ लागतो म्हणून. त्या क्लोजरचा स्क्रू फिरवला की दार हळू किंवा पटकन बंद होतं. बाइकच्या सस्पेन्शनवर जे क्लिकर असतात ते म्हणजे हाच स्क्रू. तेलाच्या या रोखून धरण्याला डॅम्पिंग म्हणतात.

डॅम्पिंग दोन दिशांना असतं. चाक दगडावर चढताना सस्पेन्शन दाबलं जातं ते कॉम्प्रेशन, आणि दगड ओलांडल्यावर चाक परत खाली येतं ते रिबाउंड.

आता एक गैरसमज काढून टाकू कारण तो जवळपास प्रत्येकाला असतो, मला पण होता. मागच्या शॉकवर, म्हणजे मागच्या चाकाच्या सस्पेन्शनवर, लो-स्पीड आणि हाय-स्पीड कॉम्प्रेशन अशी दोन वेगळी ॲडजस्टमेंट असते (रिबाउंड धरून तीन, तेच थ्री-वे ॲडजस्टेबल). लोक समजतात बाइक हळू चालवताना लो-स्पीड आणि जोरात चालवताना हाय-स्पीड. तसं नाहीये. हा वेग बाइकचा नाही, सस्पेन्शनचा दांडा आत किती वेगात जातो त्याचा आहे. म्हणजे तुम्ही ताशी १० किलोमीटरने चालला असाल आणि चौकोनी कडेचा दगड लागला तर ते हाय-स्पीड, आणि ताशी ८० ने चालला असाल आणि नुसता ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग हळूच खाली बसला तर ते लो-स्पीड. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरून दांडा हळू दाबा, आरामात जातं, एकदम दाबा, अंगठा अडतो. शॉकमध्ये तसंच होतं, फरक एवढाच की जोराचा दणका आला तर आतल्या पातळ चकत्या वाकतात आणि तेलाला मोठी वाट मिळते. त्या चकत्यांना शिम म्हणतात.

फोर्क: ओपन कार्ट्रिज आणि क्लोज्ड कार्ट्रिज

फोर्कच्या नळीच्या आत आणखी एक नळी असते, डॅम्पिंगचं काम तिच्यात चालतं, ती कार्ट्रिज. ओपन प्रकारात कार्ट्रिजमधलं तेल आणि बाहेरच्या नळीतलं तेल एकच असतं, वर थोडी हवा असते, फोर्क सतत जोरात हलला की तेलात हवा मिसळून फेस होऊ शकतो आणि फेस झाला की डॅम्पिंग ढिलं पडतं. क्लोज्ड प्रकारात कार्ट्रिज सीलबंद, आतलं तेल दाबाखाली असतं, बाहेरची हवा त्यात मिसळत नाही, त्यामुळे पहिल्या मिनिटाला जसा वागला तसाच पन्नासाव्या मिनिटाला वागतो.

मग क्लोज्डच चांगला ना? एवढं सरळ नाहीये. ओपन फोर्क उघडायला, तेल बदलायला सोपा, आणि छोट्या छोट्या दगडांवर हळू चालवताना तो बऱ्याच वेळा जास्त मऊ वाटतो. क्लोज्ड फोर्क जोरात चालवणाऱ्याला आवडतो, ब्रेक मारला की नाक खुपसत नाही, मोठ्या दणक्याला धरून राहतो.

म्हणूनच केटीएमचा बदल एवढा गाजला. २०२३ पर्यंत ईएक्ससीला डब्ल्यूपी या सस्पेन्शन कंपनीचा एक्सप्लोर ४८ मिलीमीटरचा ओपन फोर्क होता, एका पायात कॉम्प्रेशन आणि दुसऱ्यात रिबाउंड असं काम वाटलेलं. २०२४ पासून डब्ल्यूपी एक्झॅक्ट क्लोज्ड कार्ट्रिज आला, तोही ४८ चाच, आणि आत ट्रॅव्हलच्या अगदी शेवटी तेलाचा एक गादीसारखा स्टॉप जो फोर्क तळाला आपटू देत नाही. जोरात चालवणारे खूश झाले. हळू, अवघड वाटांवर चालवणाऱ्या बऱ्याच हौशी लोकांना मात्र तो सुरुवातीला कडक वाटला. दोघंही खरं बोलतायत, फक्त त्यांची वाट वेगळी आहे आणि वजन वेगळं आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो, त्यात साक्स आणि केवायबी ही नावं येतील, त्या पण सस्पेन्शन बनवणाऱ्या कंपन्याच. हुस्कवार्नाच्या टीई आणि एफई ला २०२४ पासून तोच एक्झॅक्ट क्लोज्ड फोर्क. त्याच घरातल्या गॅसगॅस ईसीला २०२४ ला एक्सप्लोर ओपन फोर्कच ठेवला होता, म्हणून तो जास्त मवाळ वाटतो, आणि नवशिक्याला मी तोच आधी चालवून बघायला सांगेन. बेटाच्या साध्या आरआर मॉडेल्सवर बरीच वर्षं साक्सचा फोर्क आणि आरआर रेसिंगवर केवायबीचा क्लोज्ड. शेर्कोच्या फॅक्टरी मॉडेलवर केवायबी क्लोज्ड. ट्रायम्फवर पण केवायबीचा ४८ चा क्लोज्ड. यामाहाच्या डब्ल्यूआर४५०एफ ला केवायबीचा जो फोर्क आहे त्याच्या प्रकारात गेल्या कित्येक वर्षांत फार मोठी उलथापालथ झालेली नाही आणि तरी लोक अजून त्याचं नाव आदराने घेतात.

मागे: लिंकेज आणि पीडीएस

मागचं चाक ज्या लांब हातावर असतं तो स्विंगआर्म, आणि तो हात फ्रेमला शॉकने जोडलेला. बहुतेक बाइक्समध्ये मध्ये लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या दुव्यांची एक साखळी असते, ती लिंकेज. तिचा फायदा असा की चाक वर जायला लागलं की सुरुवातीला शॉक सहज दाबला जातो आणि जसजसं आत जावं तसतसा जास्त कडक होत जातो. म्हणजे छोटा दगड मऊ, मोठी उडी कडक.

केटीएमने १९९८ च्या सुमाराला वेगळा रस्ता धरला, मधले दुवे काढून शॉक सरळ स्विंगआर्मला लावला, त्याला पीडीएस म्हणतात. कडक होत जाण्याचं काम शॉकच्या आत दुसऱ्या पिस्टनवर सोपवलं. मोटोक्रॉस मॉडेल्सना नंतर त्यांनी स्वतःच लिंकेज लावलं पण ईएक्ससीला पीडीएसच ठेवलं, आणि त्याचं कारण एन्ड्युरोत समजतं. लाकडाचा ओंडका ओलांडताना बाइकचा पोटाखालचा भाग घासतो, तिथे लिंकेज असेल तर ते ओंडक्याला अडकतं. पीडीएसला खाली काही नाही, सरळ घसरून जातं. शिवाय लिंकेजच्या बेअरिंगमध्ये चिखलपाणी जातं, ते वेळोवेळी उघडून ग्रीस भरावंच लागतं, विसरलात तर बेअरिंग गंजून जाम होतात आणि मग शॉक कितीही भारी असला तरी हलणार कसा.

सलग खडबडीत वाटेवर वेगात चालवायची असेल तर लिंकेजवाली बाइक मागून जास्त शांत वाटते असं माझं मत आहे. ओंडके, मोठे दगड, उचलून-ढकलून पार करायची वाट असेल तर पीडीएस. पण हे मत मी दोन्ही प्रकार नीट सेट करून चालवल्यावर बनवलंय, त्याआधी माझं मत अगदी उलटं होतं आणि ते चुकीचं होतं.

मग कुठली बाइक भारी, हे सांगा ना

सांगतो, पण आधी एक साधा हिशोब करा. कार दीड टनाची असते, तिच्यात ७५ किलोचा माणूस बसला तर एकूण वजनात त्याचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास. एन्ड्युरो बाइक १०५ किलोची, वर ७५ किलोचा माणूस, म्हणजे एकूण वजनातला ४० टक्क्यांहून जास्त भाग तुम्ही आहात. त्यात हेल्मेट, बूट, गुडघ्याचे गार्ड, पाण्याची पिशवी, हत्यारं धरली तर आणखी आठ-दहा किलो सहज चढतात. सस्पेन्शन ज्या वजनाला पेलतं त्यातलं जवळपास अर्धं वजन कंपनीला माहीतच नाही! त्यांनी अंदाज केला. केटीएमच्या मॅन्युअलमध्ये ईएक्ससीच्या स्टँडर्ड स्प्रिंग ७५ ते ८५ किलोच्या रायडरसाठी आहेत असं स्पष्ट लिहिलेलं असतं, हलक्या आणि जड माणसासाठी वेगळ्या स्प्रिंगचे नंबर पण तिथेच असतात. ते पान मात्र फार कमी जण उघडतात.

आता समजा ६० किलोचा आणि ९८ किलोचा असे दोघं एकच बाइक टेस्ट करतात. पहिला म्हणतो लाकडासारखी कडक आहे, दुसरा म्हणतो ढिली आहे, तळाला आपटते. दोघांचं मत प्रामाणिक, दोघांनी एकाच बाइकबद्दल उलट लिहिलं, आणि वाचणारा गोंधळला. म्हणून कुठलाही रिव्ह्यू वाचताना मी आधी चालवणाऱ्याचं वजन शोधतो, ते नसेल तर सस्पेन्शनबद्दलचा भाग सोडून देतो.

सॅग म्हणजे काय आणि तो कसा मोजायचा

बाइकवर बसलं की ती थोडी खाली बसते, ती किती बसते तो सॅग. मुद्दाम बसायलाच हवी, कारण चाकाला वर जायला जागा लागते तशी खाली जायला पण लागते, खड्डा आला तर चाक खाली उतरून जमीन धरून राहिलं पाहिजे. उभ्याने बसमधून जाताना आपण गुडघे किंचित वाकवून ठेवतो तसं. गुडघे ताठ ठेवले तर धक्का सरळ डोक्यात, आणि पूर्ण वाकवून बसलो तर पुढचा धक्का घ्यायला काही उरत नाही.

मोजायला तीन माणसं लागतात आणि एक मेजरिंग टेप. बाइक स्टँडवर, मागचं चाक हवेत. मागच्या ॲक्सलपासून सरळ वर फेंडरवर एक खूण करा, चिकटपट्टी लावली तरी चालेल. अंतर मोजा, समजा ६०० मिलीमीटर आलं. मग बाइक स्टँडवरून उतरवा, एकाने नुसती सरळ धरायची, वर कोणी बसायचं नाही, परत मोजा, समजा ५६४. फरक ३६, हा झाला फ्री सॅग, म्हणजे बाइक स्वतःच्या वजनाने किती बसली. आता सगळं गियर घालून तुम्ही बसा, पाय पेगवर, दोन-तीनदा वर-खाली उठबस करा म्हणजे सस्पेन्शन मोकळं होईल, परत मोजा, ४९० आलं. ६०० मधून ४९० गेले, ११०. हा रायडर सॅग. पीडीएसवाल्या ईएक्ससीला साधारण ११० आणि फ्री सॅग पस्तिशीच्या आसपास, लिंकेजवाल्यांना बहुतेक वेळा १०० ते १०५ ने सुरुवात करतात. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

माझी गोष्ट सांगतो. बाइकचा शॉक एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस करून आणला आणि त्यानंतर दोन महिने माझी बाइक कोपऱ्यात बाहेर जायला लागली. वळणात आत टाकली की पुढचं चाक चावतच नव्हतं, घसरत बाहेर. मी पुढचा टायर बदलला, फोर्कचे क्लिकर सगळे फिरवून झाले, हँडलबार बदलायच्या विचारात होतो. एका मित्राने मागे उभं राहून फक्त बघितलं आणि म्हणाला, "अरे, तुझी बाइक मागे बसलीये बघ, पुढे काय शोधतोस?" टेप लावली, रायडर सॅग १३२, फ्री सॅग ५९. सर्व्हिस करताना शॉकची स्प्रिंग दाबून ठेवणारी रिंग सैल बसवली गेली होती. मागचा भाग खाली, म्हणजे पुढचा वर, म्हणजे पुढच्या टायरवर वजनच नाही, तो चावणार कशाला. हातोडी आणि पितळी दांड्याने रिंग फिरवली, ११० आणि ३७ आले, आणि त्याच संध्याकाळी त्याच वळणात बाइक आत राहिली. जुना टायर फुकट काढून टाकला होता.

"प्रीलोड घट्ट केला की स्प्रिंग कडक होते ना?"

नाही, आणि हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना फसवतो. ती रिंग फिरवून आपण स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवतो, त्याला प्रीलोड म्हणतात. पण स्प्रिंगचा स्वभाव तोच राहतो, पुढच्या प्रत्येक मिलीमीटरला जेवढी ताकद लागायची तेवढीच लागते. उशी पट्ट्याने बांधून चपटी केली म्हणून ती उशी गादीसारखी भरीव होत नाही.

मग स्प्रिंग आपल्याला योग्य आहे की नाही हे कळणार कसं? फ्री सॅगवरून, आणि इथे उत्तर पहिल्यांदा उलटं वाटतं. समजा ९५ किलोचा माणूस आहे, त्याने रिंग पिळून पिळून रायडर सॅग ११० वर आणला. आता फ्री सॅग मोजला तर फक्त १५ आला. याचा अर्थ स्प्रिंग त्याला मऊ आहे. कारण मऊ स्प्रिंग त्याच्या वजनाला उभी ठेवायला एवढी पिळावी लागली की माणूस उतरल्यावर ती बाइकला वर ढकलूनच ठेवते, बाइक स्वतःच्या वजनाने बसतच नाही. उलट ५८ किलोच्या माणसाला ११० मिळवायला रिंग जवळपास सोडून द्यावी लागली आणि फ्री सॅग ५५ आला तर स्प्रिंग त्याला कडक आहे. दोघांनाही क्लिकर कितीही फिरवले तरी फरक पडणार नाही, स्प्रिंग बदलायची, मागची आणि पुढच्या फोर्कची पण. नवीन बाइकवर पहिला खर्च कशावर करावा असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच, एक्झॉस्ट आणि रंगीत पार्ट्स नंतर.

"क्लिकर फिरवून सगळं जमतं ना?"

क्लिकरने बारीक फरक पडतो, खरा पडतो, पण कुठल्या दिशेला फिरवायचा ते चुकलं तर बाइक आणखी बिघडते. सगळ्यांची तक्रार एकच असते, "कडक लागतंय, हातांना मार बसतो." पण कडक लागायची कारणं उलटसुलट असू शकतात.

एक कारण सरळ आहे, कॉम्प्रेशन जास्त आहे, फोर्क दगड गिळत नाही, त्याच्यावरून बाजूला उडतो. हे कॉम्प्रेशन कमी केल्यावर सुटतं.

दुसरं कारण बरोबर उलटं, फोर्क एवढा मऊ आहे की तो कायम खाली बसलेलाच असतो आणि तिथे, ट्रॅव्हलच्या शेवटच्या भागात, सगळं कडकच असतं. हातांना तोच मार लागतो. यात माणूस कॉम्प्रेशन आणखी कमी करतो, फोर्क आणखी खाली बसतो, आणखी कडक लागतो. फोर्कच्या पायावर एक बारीक झिप टाय बांधा, चालवून आल्यावर तो कुठपर्यंत सरकलाय बघा. साध्या वाटेवर पण तो पार तळाशी जात असेल तर तुमचा फोर्क कडक नाही, मऊ आहे. अख्ख्या राइडमध्ये एखाद वेळा तळाला लागला तर ते ठीकच आहे, ट्रॅव्हल वापरण्यासाठीच दिलाय. आणि कधीच निम्म्याच्या खाली जात नसेल तर खरंच कडक आहे.

तिसरं कारण रिबाउंड, हे ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. रिबाउंड फार हळू ठेवला की चाक एका दगडावरून उतरून पूर्ण खाली यायच्या आत दुसरा दगड येतो, मग तिसरा, चौथा, प्रत्येक वेळी सस्पेन्शन थोडं आणखी आत अडकत जातं. पहिला दगड मऊ, पाचवा दगड वीट. दगडांच्या ओळीत शेवटी शेवटी कडक लागत असेल आणि सुरुवातीला नसेल तर कॉम्प्रेशनला हात लावू नका, रिबाउंड दोन क्लिक मोकळा करा. उलट रिबाउंड फार मोकळा असेल तर मागचा भाग लाथ मारल्यासारखा वर उडतो.

पद्धत म्हणाल तर एकच, दोन-तीन मिनिटांची वाट निवडा ज्यात चढ, दगड, वळण सगळं आहे, तीच वाट पुन्हा पुन्हा चालवा, एका वेळी एकच गोष्ट दोन क्लिकने बदला, आणि लिहून ठेवा. क्लिक मोजताना स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा आणि तिथून उघडत मोजायचं. जोर लावून बंद करू नका, आतली सुई खराब होते.

"रेसर लोक तर कडक ठेवतात, मग आपण पण?"

मॅनुएल लेटेनबिखलरने २०२२, २०२३ आणि २०२४ असं सलग तीन वर्षं हार्ड एन्ड्युरोचं जागतिक विजेतेपद केटीएमच्या ३०० टू-स्ट्रोकवर घेतलं. २०२४ चं एन्ड्युरोजीपी, म्हणजे वेळेवर चालणाऱ्या एन्ड्युरोचं जागतिक विजेतेपद, जोसेप गार्सियाने २५० ईएक्ससी-एफ वर जिंकलं. एकच कंपनी, पण एकाला खडकांच्या भिंती चढायच्या आणि दुसऱ्याला घड्याळाविरुद्ध सेकंद वाचवायचे, आणि दोघांच्या सस्पेन्शनच्या आतले पार्ट्स दुकानात मिळणाऱ्या बाइकपेक्षा वेगळे. हे लोक ज्या वेगाने दगडाला धडकतात त्या वेगाने तुम्ही-आम्ही धडकत नाही, त्यामुळे त्यांचा कडक फोर्क पूर्ण ट्रॅव्हल वापरतो आणि आपल्या हातात तो निम्मा पण दबत नाही. त्यांचं सेटिंग उचलण्यात काही अर्थ नाही. त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर उचला, सॅग ते लोक न चुकता तपासतात.

नवी बाइक घेतलीय, लगेच सेट करू का?

सॅग पहिल्या दिवशीच मोजा. क्लिकरला मात्र काही तास थांबा, नवीन सील आणि बुश घट्ट असतात, सुरुवातीला फोर्क अडकत अडकत चालतो आणि माणूस उगाच सगळं मोकळं करून ठेवतो. मग काही तासांनी स्प्रिंग पण किंचित बसते म्हणून सॅग परत एकदा मोजायचा.

फोर्कच्या टोकाला हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो, पुढचं चाक उचलून तो अधूनमधून उघडून बंद करा, चालवताना आत साठलेली हवा फोर्क कडक करते. घाटात उंचावर गेलात किंवा उन्हात बाइक तापली तर फरक हाताला जाणवतो. आणि टायरची हवा, ती पण सस्पेन्शनच आहे. ट्यूबवाल्या टायरला रस्त्यासारखी भरगच्च हवा ठेवून फोर्कला शिव्या घालणारे मी पाहिलेत, ऑफरोडला १२ ते १५ पीएसआय पुरते, टोकदार दगड असतील तर १५ च्या खाली नको, ट्यूब रिमवर चेपून फाटते.

जुनी बाइक घेत असाल तर

यात सगळ्यात जास्त फसगत होते, कारण आधीच्या मालकाने स्प्रिंग बदललेली असू शकते आणि सांगायला तो विसरतो. स्प्रिंगवर बहुतेक वेळा नंबर छापलेला किंवा रंगाची खूण असते, चिखल पुसून टॉर्चने बघा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्याशी जुळवा. फोर्कच्या स्प्रिंग बाहेरून दिसत नाहीत, तिथे फोर्क पुढच्या ब्रेकवर दाबून किती बसतो यावरून अंदाज येतो, पण नक्की कळायला उघडावाच लागतो. लिंकेजवाली असेल तर मागचं चाक हवेत धरून हाताने वर-खाली हलवा, टक टक असा आवाज आणि मोकळी चाल जाणवली तर बेअरिंग गेलेत. आणि मालकाला किती तास चालली, तेल कधी बदललं हे विचारताना त्याचं स्वतःचं वजन पण विचारा, गियरसकट.